आस्थापनेचं टेबल पहिल्यांदा हाती आलं तर: पद, वेतनस्तर आणि तारीख

नवीन लिपिकाला आस्थापनेचं टेबल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदी आणि वेतनाचं काम, देताना आमच्याकडे एक ठरलेला सोहळा होतो. बडे बाबू कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवतात, "सांभाळ रे भाऊ" म्हणतात आणि चहाला निघून जातात. कपाट उघडलं की शंभर-सव्वाशे सेवापुस्तकं (एकेका कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींची), त्यातली निम्मी दोऱ्यानं बांधलेली. संध्याकाळपर्यंत कोणी तरी येऊन विचारतंच, "बाबू, माही वेतनवाढ लागली का नाई?"

नागपूरच्या वेगवेगळ्या सरकारी कार्यालयांत मी जवळपास तीस वर्षं याच कामात काढली. आता नव्या मुलांना शिकवताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो. वेतनाच्या कामात बेरीज-वजाबाकीच्या चुका फार कमी असतात. कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे आहे. चूक होते ती तारखेत. आदेशाची तारीख कुठली, रुजू झाल्याची कुठली, वेतनवाढीची कुठली, विकल्प दिला ती कुठली, या चारांत गोंधळ झाला की पुढच्या वीस वर्षांचं वेतन चुकत जातं आणि ते निवृत्तीच्या तोंडावर सापडतं.

इथे लिहिलंय ते राज्य शासनाच्या कार्यालयांपुरतं आहे. जिल्हा परिषदेत सेवाप्रवेशाचे नियम वेगळे, 1967 चे. महानगरपालिकेचे आणखी वेगळे. आणि नागपुरात केंद्राची कार्यालयंही भरपूर आहेत. तिथला मित्र 'लेव्हल 2' म्हणाला तर तो आपल्या एस-6 या वेतनस्तराबद्दल बोलतोय असं समजा. टप्पे तेच आहेत, 19900 पासून सुरू होणारे. पण सगळीकडे ही जुळणी शोधू नका. केंद्राचं किमान वेतन 18000 आणि आपल्या एस-1 चं 15000. तिथला शासन आदेश आणून इथे लावायचा मोह टाळा.

पहिल्या आठवड्यात फक्त वाचा

कोणाचंही बिल हातात घ्यायच्या आधी चार कागद शोधा: कार्यालयाचा मंजूर आकृतीबंध (म्हणजे मंजूर पदांचा तक्ता), प्रत्येक संवर्गाचे सेवाप्रवेश नियम, चालू ज्येष्ठता यादी आणि बिंदूनामावलीची, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ते सांगणारी, नोंदवही. आकृतीबंध बहुतेक कार्यालयांत फायलीच्या तळाशी असतो. तो काढून त्याची छायाप्रत टेबलाच्या काचेखाली ठेवा.

कारण असं की सरकारात वेतन पदाला असतं, माणसाला नाही. तुमच्या समोर बसलेला माणूस कितीही हुशार असला, दोन जणांचं काम एकटा करत असला, तरी तो ज्या मंजूर पदावर बसलाय त्या पदाचाच वेतनस्तर त्याला मिळतो. खासगी कंपनीतून आलेल्या मुलांना हे पचायला वेळ लागतो. ते विचारतात, "सर, मग चांगलं काम केल्याचं काय?" त्याचं उत्तर गोपनीय अहवालात आणि पदोन्नतीत असतं, पगारपत्रकात नाही.

आकृतीबंधात पदांपुढे 'स्थायी' आणि 'अस्थायी' असं लिहिलेलं दिसेल. अस्थायी पदांना ठरावीक मुदतीनं शासनाकडून मुदतवाढ मिळते. ती मुदत संपली आणि नवा शासन निर्णय हाती नसला तर त्या पदाचं वेतन देयक कोषागारातून परत येतं. मी पाहिलंय, वीस वर्षं भरलेलं पद, त्यावर बसलेला माणूस रोज ठरल्या वेळी हजर आणि महिन्याच्या शेवटी पगार अडकलेला, कारण मुदतवाढीचा आदेश कोणी डाउनलोडच केला नव्हता. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं करून ठेवा.

गट अ, ब, क, ड

पदांचे चार गट. इथे नवीन माणूस हमखास एक चूक करतो: राजपत्रित म्हणजे गट अ असं धरतो. गट ब मध्ये राजपत्रितही आहेत आणि अराजपत्रितही. नायब तहसीलदार गट ब राजपत्रित, तर गट ब मधलीच कितीतरी पदं अराजपत्रित. लिपिक-टंकलेखक, तलाठी, पोलीस शिपाई गट क. शिपाई गट ड.

गट कशासाठी बघायचा? नियुक्ती प्राधिकारी कोण, शिस्तभंगाची कारवाई कोण करू शकतो, निवृत्ती कधी, वसुली करता येते की नाही, हे सगळं गटावर अवलंबून आहे. गट अ, ब, क साठी निवृत्ती 58 व्या वर्षी, गट ड साठी 60 व्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि ज्याचा जन्म 1 तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. 1 जून जन्मतारीख असलेला माणूस 31 मे ला जातो. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी 30 जूनची तारीख टाकतंच.

जन्मतारखेवरून आठवलं. ती बदलायचा अर्ज नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना गावच्या शाळेचा दाखला घेऊन येणाऱ्या काकांना हे नीट समजावून सांगा. त्यांना वाटतं बाबू मुद्दाम अडवून राहिला.

वेतन मॅट्रिक्स वाचायचा कसा

सातवा वेतन आयोग राज्यात महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, 2019 या नियमांनी आला. अधिसूचना 30 जानेवारी 2019 ची, अंमल 1 जानेवारी 2016 पासून. त्यामागे बक्षी समितीच्या शिफारशी होत्या. नियमांसोबत एक मोठा तक्ता आहे, एस-1 पासून एस-31 पर्यंत. प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक वेतनस्तर आणि त्यात खाली उतरत जाणारे टप्पे.

रोज लागणारे काही स्तर तोंडपाठ होऊन जातात. शिपाई एस-1, म्हणजे 15000 ते 47600. लिपिक-टंकलेखक एस-6, 19900 ते 63200. पोलीस शिपाई एस-7, 21700 पासून. तलाठी आणि वरिष्ठ लिपिक एस-8, 25500 ते 81100. नायब तहसीलदार एस-14, 38600 पासून. उपजिल्हाधिकारी एस-20, 56100 पासून. ही पाठांतराची परीक्षा नाही, पण कोणाचा स्तर आणि मूळ वेतन जुळत नसेल तर नजरेला खटकलं पाहिजे. एस-6 च्या माणसाचं मूळ वेतन 24700 दिसलं तर तिथेच थांबा. त्या रकान्यात 24500 आहे आणि त्याखाली 25200. 24700 असा टप्पाच नाही.

बक्षी समितीच्या अहवालाचा दुसरा खंड नंतर आला आणि त्यावरचा शासन निर्णय 13 फेब्रुवारी 2023 चा आहे. त्यात काही पदांचे स्तर बदलले. म्हणून 2019 च्या तक्त्यावरून एखाद्या पदाचा स्तर काढताना नंतरचे शासन निर्णयही बघा. जुन्या प्रतीवर विसंबून केलेली निश्चिती, म्हणजे मूळ वेतन कुठल्या टप्प्यावर ते ठरवणं, नंतर दुरुस्त करत बसणं फार जिकिरीचं असतं.

वेतननिश्चिती: खरं काम इथे आहे

आयोग लागू होताना झालेली निश्चिती बहुतेकांची आता झालेली असेल. तरी जुनी सेवापुस्तकं तपासताना सूत्र माहीत हवं. 31 डिसेंबर 2015 चं मूळ वेतन, म्हणजे सहाव्या आयोगाच्या वेतनबँडमधलं वेतन अधिक ग्रेड वेतन, गुणिले 2.57. येणारी रक्कम नव्या स्तरात आहे त्याच टप्प्यावर, नसेल तर त्याच्या लगतच्या वरच्या टप्प्यावर. उदाहरण घ्या: वेतनबँडमध्ये 6100, ग्रेड वेतन 1900, एकूण 8000. 8000 गुणिले 2.57 म्हणजे 20560. एस-6 मध्ये 20500 आहे आणि पुढे 21100. म्हणून 21100. काही जणांनी घाईत ग्रेड वेतन सोडून फक्त 6100 ला गुणलेलं मी स्वतः पाहिलंय, तेव्हा हा हिशेब जुन्या पुस्तकात सापडला तर पुन्हा एकदा करून बघा.

आता वेतनवाढ. सहाव्या आयोगात सगळ्यांची वेतनवाढ 1 जुलैला असायची. आता 1 जानेवारी आणि 1 जुलै अशा दोन तारखा आहेत, पण एका माणसाला वर्षात एकच. नियुक्ती, पदोन्नती किंवा प्रगती योजनेचा लाभ (त्याबद्दल पुढे येईल) 2 जानेवारी ते 1 जुलै या काळात मिळाला असेल तर पुढची वेतनवाढ 1 जानेवारीला. 2 जुलै ते 1 जानेवारी या काळात मिळाला असेल तर 1 जुलैला.

वाक्य साधं दिसतं. पण 1 जुलै आणि 2 जुलै यात किती अंतर आहे ते बघा: एक दिवस, आणि वेतनवाढीत सहा महिने.

हे मला कसं समजलं ते सांगतो. एका कार्यालयात मी अधीक्षक होतो तेव्हाची गोष्ट, कार्यालयाचं नाव नको. एका लिपिकाची वरिष्ठ लिपिक म्हणून पदोन्नती झाली. 1 जुलै 2019, सोमवार. तो सकाळी जुन्या शाखेत पदभार सोपवत बसला होता, साहेब दौऱ्यावर होते आणि नव्या पदावर तो दुपारी तीनच्या सुमारास रुजू झाला. रुजू अहवालावर त्यानं प्रामाणिकपणे 'म.नं.' लिहिलं होतं, म्हणजे मध्यान्होत्तर. मध्यान्होत्तर रुजू झालेल्याचं नव्या पदाचं वेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. मी सेवापुस्तकात नोंद घेताना तारीख घेतली आणि ती दोन अक्षरं सोडून दिली. त्यामुळे त्याची पुढची वेतनवाढ 1 जानेवारी 2020 ला लागली. ती लागायला हवी होती 1 जुलै 2020 ला.

हे कळलं पाच वर्षांनी, वेतननिश्चिती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाकडे पुस्तक गेल्यावर. दर वर्षी सहा महिने मूळ वेतनात 900 ते 1000 रुपये जादा, त्यावर महागाई भत्ता, त्यावर घरभाडं. तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा होता आणि म्हणाला, "साहेब, मी तर बरोबरच लिहिलं होतं ना?" बरोबरच लिहिलं होतं. आमचं काम चुकलं होतं. तेव्हापासून रुजू अहवालात म.पू. (मध्यान्हपूर्व) की म.नं. हे मी आधी बघतो, तारीख नंतर.

पदोन्नतीची निश्चिती कशी करायची ते एका उदाहरणानं. लिपिक एस-6 मध्ये 28400 वर आहे, त्याची वेतनवाढ 1 जुलैला आहे आणि तो 20 मे 2024 ला म.पू. एस-8 च्या वरिष्ठ लिपिक पदावर रुजू झाला. जुन्या स्तरात एक वेतनवाढ द्या: 29300. आता एस-8 च्या रकान्यात 29300 शोधा. नाही. लगतचा वरचा टप्पा 29600. तर 20 मे पासून 29600. पुढची वेतनवाढ 1 जानेवारी 2025 ला, 30500.

पण कर्मचाऱ्याला विकल्प असतो. पदोन्नतीच्या तारखेपासून निश्चिती न घेता जुन्या पदाच्या पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, म्हणजे इथे 1 जुलै 2024 पासून, निश्चिती घेता येते. मग हिशेब असा: 1 जुलैला जुन्या स्तरात वार्षिक वेतनवाढ, 28400 वरून 29300; मग पदोन्नतीची एक, 30200; एस-8 मध्ये लगतचा टप्पा 30500. म्हणजे जवळपास दीड महिना थोडं कमी घ्या आणि 1 जुलैपासून 29600 ऐवजी 30500 घ्या. जो 30500 त्याला पहिल्या मार्गानं जानेवारीत मिळणार होता तो जुलैतच मिळतो.

हा विकल्प एका महिन्याच्या आत लेखी द्यायचा असतो. हे पदोन्नतीच्या आदेशातच लिहायला हवं आणि बरेच आदेश ते लिहीत नाहीत. म्हणून तुम्ही स्वतः, पदोन्नत झालेला माणूस पेढे वाटायला आला की, त्याला दोन्ही हिशेब कागदावर काढून दाखवा आणि त्याच्या हातानं विकल्प लिहून घ्या. पेढा खाल्लात तर एवढं केलंच पाहिजे.

असाच घोळ मानीव दिनांकाचा. एखाद्याला ज्येष्ठता डावलली गेल्यामुळे आधीची मानीव तारीख मिळते. त्या तारखेपासून वेतन काल्पनिक रीतीनं निश्चित होतं, पण थकबाकी सहसा मिळत नाही. आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय एक रुपयाही काढू नका.

आणि असाधारण रजा. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा वेतनवाढीसाठी धरली जात नाही. चार महिने घरगुती कारणासाठी विनावेतन गेलेल्या माणसाची वेतनवाढ आपोआप 1 जुलैला लावायची नाही, आधी रजेचा आदेश उघडायचा. प्रणालीत वेतनवाढीची यादी तयार येते म्हणून ती डोळे झाकून मंजूर करणारे बाबू वाढत चाललेत. संगणकाला रजेचा खाडाखोड केलेला अर्ज दिसत नाही, तो तुम्हालाच दिसतो.

लिपिक-टंकलेखकांच्या बाबतीत टंकलेखनाचं प्रमाणपत्रही बघायचं, मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्यांना ते मिळवण्यासाठी मुदत दिलेली असते. मुदतीत प्रमाणपत्र आलं की नाही याची नोंद नसेल तर पडताळणीत पहिला आक्षेप तोच येतो.

प्रगती योजना

सगळ्यांना पदोन्नती मिळत नाही. पद रिकामं नसतं, बिंदू जुळत नाही, कोर्टात केस असते. अशा लोकांसाठी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. 2001 ची योजना, 2010 ची सुधारित, आणि सातव्या आयोगानंतर 2 मार्च 2019 च्या शासन निर्णयानं 10, 20 आणि 30 वर्षांच्या नियमित सेवेनंतर तीन लाभ.

यात मोजायची असते नियमित सेवा. हंगामी किंवा तदर्थ काळ त्यात धरायचा की नाही हे त्या माणसाच्या नियमिततेच्या आदेशावरून ठरतं. मधे मिळालेली प्रत्यक्ष पदोन्नती एक लाभ समजली जाते. ज्यानं पदोन्नती नाकारली, त्याला त्याच कारणासाठी हा लाभ मिळत नाही. आणि लाभ मिळाल्यावर नंतर त्याच स्तरात प्रत्यक्ष पदोन्नती झाली तर पुन्हा वेतननिश्चितीचा फायदा नाही. हे शेवटचं कर्मचाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाही तर पदोन्नतीच्या दिवशी तो "पगार वाढलाच नाही" म्हणून बसतो.

महिन्याचं बिल

वेतन देयक सेवार्थ प्रणालीत तयार होतं. अनुदान बीम्सवर, म्हणजे शासनाच्या अनुदान वाटपाच्या संगणक प्रणालीवर, आलं आहे की नाही हे आधी बघा. खर्चाच्या '01 वेतन' या उद्दिष्टाखाली पैसे नसतील तर सगळं बिनचूक करूनही उपयोग नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्यांची, म्हणजे कार्यालयासाठी पैसे काढायचा अधिकार असलेल्या साहेबांची, मंजुरी झाली की देयक कोषागारात जातं.

माझी पद्धत अशी होती: 15 तारखेला बदलांची यादी बंद. त्या महिन्यात कोण आलं, कोण गेलं, कोणाची रजा, कोणाचा हप्ता, कोणाचं घर बदललं. बदली होऊन आलेल्याचं जुन्या कार्यालयाकडून येणारं अंतिम वेतन प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय त्याला देयकात घ्यायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. त्या प्रमाणपत्रावरची वेतनवाढीची तारीख त्याच्या सेवापुस्तकाशी ताडून बघा. दोन कार्यालयांच्या मधे तारखा हरवतात.

नागपूर वाय वर्गातलं शहर आहे. एक्स, वाय, झेड या वर्गांसाठी घरभाड्याचे दर 24, 16 आणि 8 टक्के असे सुरू झाले; महागाई भत्ता 25 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर 27, 18, 9 आणि 50 टक्क्यांच्या पुढे 30, 20, 10. यातला मधला आकडा आपला. महागाई भत्ता 55 टक्के धरून नव्या लिपिकाचा हिशेब करू: मूळ वेतन 19900, महागाई भत्ता 10945, घरभाडं 20 टक्क्यांनी 3980. घरभाडं मूळ वेतनावर काढायचं, महागाई भत्ता मिळवून नाही. वर वाहतूक भत्ता. रविनगरच्या शासकीय क्वार्टरमध्ये राहायला गेलेल्याचं घरभाडं ताबा घेतल्याच्या तारखेपासून बंद करायचं. तो अर्ज करायला विसरतो, तुम्ही विसरू नका.

कपातीत व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. दर फेब्रुवारीत शंभर रुपये जादा का कापले म्हणून निदान दोन माणसं येतात. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्यांची पेन्शनसाठीची अंशदान कपात वेगळी, आधीच्यांचा भविष्य निर्वाह निधी वेगळा. ही तारीख ज्यांच्या आसपास आहे त्यांच्या नियुक्ती आदेशाची आणि जाहिरातीचीही प्रत जपून ठेवा.

डिसेंबरचं काम थोडं आधी उरका. अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, अर्धं कार्यालय तारांकित प्रश्नांच्या उत्तरात गुंतलेलं आणि सहीला साहेब सापडत नाहीत.

सेवापुस्तक आणि पडताळणी

सेवापुस्तकात पांढरी शाई चालत नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद आणि अधिकाऱ्याची सही. प्रत्येक नोंदीला आदेशाचा क्रमांक आणि तारीख. दर वर्षी सेवा पडताळणीची नोंद, वेतन देयकावरून. मूळ पुस्तकासोबत कर्मचाऱ्याकडे दुय्यम प्रत असते. त्याच्याकडून ती मागवून दोन्ही सारख्या करा. कार्यालयाला आग लागली, छत गळलं, पुस्तक बदलीत हरवलं, की ती दुय्यम प्रतच वाचवते.

वेतननिश्चिती झाली की पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जायला हवं. हे पथक लेखा व कोषागारे विभागाचं आणि विभागीय मुख्यालयाच्या ठिकाणी असतं, म्हणजे आपल्यासाठी नागपुरातच. वर्ध्याचा नाही तर गडचिरोलीचा बाबू पिशवीत पंधरा पुस्तकं घालून एसटीनं येतो आणि आपण ऑटोनं जायचा कंटाळा करतो. पुस्तकं निवृत्तीपर्यंत साठवून ठेवू नका. पथकाचा आक्षेप दोन वर्षांत आला तर रक्कम छोटी असते आणि ज्यानं चूक केली तो टेबलावर असतो.

वसुली निघाली तर? इथे लगेच कपात सुरू करू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या डिसेंबरमध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात काही परिस्थितींमध्ये जादा दिलेल्या वेतनाची वसुली करता येत नाही असं सांगितलं: गट क आणि गट ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदान. पण 2016 मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात, कर्मचाऱ्यानं जादा रक्कम परत करण्याचं वचनपत्र दिलेलं असेल तर वसुली योग्य ठरवली. ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचं होतं. सुधारित वेतनाच्या निश्चितीवेळी असं वचनपत्र जवळपास प्रत्येकाकडून घेतलेलं असतं, म्हणून ते पुस्तकात आहे का ते बघा आणि प्रस्ताव दोन्ही बाजू लिहून वर पाठवा. निर्णय तुमच्या टेबलावर होत नाही. मात्र चुकीची निश्चिती दुरुस्त करून पुढचं वेतन बरोबर करणं यात कोणताच निकाल आडवा येत नाही, ते लगेच करा. त्या 1 जुलैच्या लिपिकाचं पुढचं वेतन आम्ही त्याच महिन्यात दुरुस्त केलं. वसुलीचा प्रस्ताव वर गेला, सोबत माझा चूक कबूल केलेला खुलासा.

निवृत्तीची फाइल

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू करा आणि कागद सहा महिने आधी तिथे पोहोचतील असं बघा. फाइलवर 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असं पत्र आलं तर घाबरू नका, पण पत्र वाचताना सेवापुस्तक शेजारी उघडून ठेवा. आक्षेप बहुधा तीनच जागी असतात: पहिल्या नियुक्तीचं पान, पदोन्नतीच्या निश्चितीचं पान आणि पडताळणी पथकाचा शिक्का नसलेलं पान. पत्राला उत्तर देताना 'नोंद घेण्यात आली आहे' एवढंच लिहून पुस्तक परत पाठवू नका. कुठल्या पानावर, कुठल्या आदेशानं, कुठल्या तारखेला नोंद घेतली ते लिहा आणि त्या पानाला कागदाची चिठ्ठी लावा. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात फाइल पोहोचवायला स्वतः गेलात तर पोचपावतीवर शिक्का मारून घ्या आणि पोचपावती फायलीतच लावा. खिशात ठेवू नका. माझी एक पोचपावती धुण्यात गेली होती.